शेवट गोड नको

'तुंबाड' (२०१८) म्हटलं की हस्तर, कणकेच्या बाहुल्या आणि न थांबणारा पाऊस आठवतो. मला छळतो तो शेवट. शापित बाप मुलापुढे मोहरांनी भरलेलं लंगोट धरतो. पांडुरंग ते नाकारतो आणि बापालाच पेटवतो. (चित्रपट न पाहिलेल्यांची क्षमा.) दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना बीज मिळालं नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतून, आणि तिचं मूळ स्टीफन किंगच्या कथेत. किंगच्याच 'द मिस्ट'चा शेवट पुस्तकात आशेला जागा ठेवतो. २००७च्या चित्रपटात मात्र बाप मुलाला स्वतःच्या हातानं गोळी घालतो आणि काही क्षणांत मदत पोचते. खुद्द किंगनं त्याला दाद दिली.

आमच्या भयकथा अंकासाठी इंदापूरकडून आलेल्या कथांत उजनीत बुडालेलं पळसदेव वारंवार येतं. साहजिकच आहे. धरण आटलं की पळसनाथाचं देऊळ आजही वर येतं. पण बारामतीकर काय नि इंदापूरकर काय, बहुतेकांनी शेवटच्या पानावर मांत्रिक बोलावून सगळं निस्तरलं. ज्यांनी तो बोलावला नाही, त्यांच्याच कथा पुढे छापल्या आहेत.