खेळगड्यांची वारी

आमचे एक वडीलधारे शेजारी आहेत. गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहा जुने वर्गबंधु शनिवार-रविवार साधून कोल्हापुराकडे कुस्त्या पाहण्यास निघालों, हें त्यांच्या कानीं गेलें तेव्हां ते म्हणाले, "मुलगा दहावीस, घरांत दहा कामें, आणि तुम्ही चाळिशी ओलांडलेले गृहस्थ दोन दिवस मोटार पिटाळीत खेळ पाहण्यास जाणार! त्यांतून मिळणार तें काय?" प्रश्न रास्त होता. रास्त प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये, म्हणून या अंकाच्या निमित्तानें त्याचें उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि तें उत्तर आमच्या शेजाऱ्यांपेक्षां या शाळेंतील मुलामुलींस व त्यांच्या आईबापांस अधिक लागू आहे, असें आम्हांस वाटतें.

आम्हां सहांपैकीं एक लातुरच्या बाजारांत तुरीची आडत चालवितो, एक डॉक्टर आहे, एक शिक्षक, एक उदगीरला बँकेंत, एक औशाजवळ शेती करितो, आणि सहावे आम्ही, लेखणी घासणारे. पंचवीस वर्षांपूर्वीं शाळेच्या मैदानावर आम्ही एका संघांत कबड्डी खेळत असूं. कबड्डींत चढाईचा गडी आला म्हणजे बचावाचे गडी हातांत हात घालून साखळी धरितात. त्या साखळींत कोणाचा हात घामानें निसटतो, कोण भिऊन अगोदरच सोडतो, आणि कोण गुडघा फुटला तरी सोडीत नाहीं, हें ज्याचें त्यास व शेजारच्यास पक्कें ठाऊक असतें. पुढें आयुष्यांत माणसास कितीहि पदव्या व पदें लाभोत, ही माहिती पुसली जात नाहीं. आमच्या डॉक्टरांस दिवसभर सारे 'साहेब' म्हणतात. पण गाडींत बसतांच त्यांचें शाळेंतील नांव त्यांस परत मिळालें. तें येथें छापण्याजोगें नाहीं.

लातूर ते कोल्हापूर हें अंतर सुमारें साडेतीनशें किलोमीटर. औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढें, सांगोलें, मिरज असा मार्ग. मिरज आलें कीं लातूरकरानें क्षणभर तरी गप्प बसावें, असें आमचें मत आहे. कारण १२ एप्रिल २०१६ रोजीं दहा वाघिणींत पांच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी मिरजेहून लातुरास पोंचली, आणि त्या वेळीं आमच्या गल्लींत घागरींची रांग कोठवर गेली होती हें आम्ही विसरलों नाहीं. असो.

या वाटेनें आम्ही मोटारींतून सुखानें गेलों. पण मराठवाड्यांतील पैलवानांस हीच वाट पोटासाठीं व विद्येसाठीं धरावी लागली. निलंगें तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार असेच घर सोडून कोल्हापुरच्या गंगावेस तालमींत गेले. १९६९ सालीं लातुरास भरलेल्या स्पर्धेंत त्यांनीं महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला, आणि दुसऱ्याच वर्षीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक जिंकलें. पुढें पुण्यास त्यांनीं जे शिष्य घडविले, त्यांत बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे होता. त्यानें २०१८ सालीं राष्ट्रकुल सामन्यांतच सुवर्णपदक आणिलें. एक लातूरकर दुसऱ्या मराठवाड्याच्या पोरास हात देतो, तोहि पुण्यांत जाऊन, याचा अभिमान वाटावा कीं खंत, हा वाद आमच्या गाडींत सोलापूर ते सांगोलें चालला होता. शेतकरी मित्राचें म्हणणें असें कीं, माती आपल्याकडेहि आहे, तिच्यावर पाणी शिंपडणारा पाहिजे. आम्हांस तें पटलें.

कोल्हापुरास खासबागेचें मैदान पाहिलें. शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें हें मैदान १९१२ सालीं पुरें झालें. मध्यें आखाडा व भोंवतीं चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना वाडग्यासारखी आहे. कोठेंहि बसा, आखाडा दिसतोच. राजानें प्रेक्षकाच्या डोळ्यांची इतकी काळजी केलेली आम्हीं अन्यत्र पाहिली नाहीं. जवळच्या एका तालमींत गेलों तों मुलें फावड्यानें लाल माती उकरीत होतीं. या मातींत ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर, तेल मिसळून ती मऊ व निर्मळ ठेवितात, असें वस्तादांनीं सांगितलें. आमच्या शिक्षक मित्रास ती माती इतकी आवडली कीं त्यानें मूठभर रुमालांत बांधून घेतली.

रविवारीं सकाळीं जवळच्या एका गांवच्या मैदानांत कुस्त्या झाल्या. मोठ्या जोडींपेक्षां आमच्या स्मरणांत राहिली ती बारा-तेरा वर्षांच्या दोन पोरांची कुस्ती. चितपट झालेल्या मुलाच्या पाठीवरची माती जिंकणाऱ्यानेंच झटकली, आणि मग दोघे एकाच तांब्यांतून पाणी प्याले.

दुपारीं परततांना वाट थोडी वांकडी करून कऱ्हाडजवळील गोळेश्वर या गांवीं गेलों. हें खाशाबा जाधवांचें गांव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढें १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परंतु हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. गांवानें वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही हकीकत आम्ही सर्वच जाणून होतों. तरी त्या गांवच्या रस्त्यावर उभें राहून ती पुन्हां सांगितली गेली.

पंढरपूर मागें पडलें, अंधार झाला. गाडींत सर्वांचीं तोंडें पुढच्या दिव्यांकडे, कोणी कोणाकडे पाहत नव्हतें. तेव्हां आमचा आडत्या मित्र म्हणाला, "माझेंहि घर गहाण आहे." दोन हंगाम व्यापारांत ठोकर बसली होती, भावांस सांगितलें नव्हतें, पत्नीस अर्धेंच सांगितलें होतें. कोणी हळहळ केली नाहीं. डॉक्टरानें एवढेंच विचारलें, "हप्त्याची तारीख कोणती?" बँकेंतील मित्रानें सोमवारीं कागद घेऊन ये म्हणून सांगितलें. कर्ज त्यायोगें फिटलें नाहीं, आजहि पुरतें फिटलेलें नाहीं. पण तो मनुष्य त्या रात्रीं सोलापूरपासून औशापर्यंत झोंपला, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणें कित्येक महिन्यांत तशी झोंप त्यास आली नव्हती.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें आहे. कोणी म्हणेल, हें दूरध्वनीवरहि सांगतां आलें असतें. आमच्या वर्गाचा मोबाईलवर गट आहे. रोज सकाळीं तेथें फुलांचीं चित्रें येतात. दोन वर्षें हा मित्र त्या गटांत न चुकतां 'सुप्रभात' लिहीत होता!

आतां आपल्या लातुराकडे वळूं. 'लातूर पॅटर्न' हें नांव महाराष्ट्रभर गाजतें. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव येथून हजारों मुलें येथें राहून प्रवेशपरीक्षांची तयारी करितात. या पद्धतीची निंदा आम्ही करणार नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी आज डॉक्टर होते, हें लहानसहान कार्य नव्हे. परंतु पहाटेपासून रात्रींपर्यंत एका शिकवणींतून दुसऱ्या शिकवणींत जाणाऱ्या या मुलांस आम्ही पाहतों तेव्हां मनास चुटपुट लागते. एका खोलींत दोन वर्षें राहिलेल्या दोघां मुलांस आम्हीं सहज विचारलें, "तुमच्यांत जास्त जोरानें कोण धांवतो?" दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, उत्तर आलें नाहीं. एकाचे गुण मात्र दुसऱ्यास दशांशचिन्हासह पाठ होते. हीं मुलें पंचेचाळिशींत कोणाबरोबर गाडींत बसतील? आणि अंधारांत कोणास सांगतील?

खेळानें परीक्षेचे गुण वाढतात, असें सांगून पालकांस भुरळ घालण्याचा आमचा विचार नाहीं. कदाचित् वाढतील, कदाचित् चार घटतीलहि. चार घटले तरी चालतील, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि लातुरांत असें मत छापणें हें साहसच समजलें जाईल. मागणी फार मोठी नाहीं. सायंकाळचा एक तास मुलास मोकळा ठेवावा, आणि वेळापत्रकांतील खेळाचा तास परीक्षा जवळ आली म्हणून गणितास देऊन टाकूं नये.

एक गोष्ट राहिली. आम्ही सहा पुरुष दोन दिवस निर्धास्त गेलों, कारण घरीं सहा स्त्रिया होत्या. त्यांनाहि शाळा होती, त्यांच्याहि मैत्रिणी होत्या. त्यांतील कित्येकींचीं सध्यांचीं आडनांवें देखील त्यांस ठाऊक नाहींत. मुलींचें खेळणें आपण लवकर बंद करितों, आणि त्यासरशी त्यांचें हें धनहि जातें. वास्तविक आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे खो-खोंत भारताच्या संघाची कर्णधार झाली व २०२० सालीं अर्जुन पुरस्कारास पात्र ठरली. तेव्हां मराठवाड्याच्या मुलींस खेळ झेपत नाहीं, हें कोणी म्हणूं नये. या वर्षीं गाडी व दोन दिवस घरच्या मंडळींच्या स्वाधीन करावयाचे, स्वयंपाक व मुलें आम्हीं सांभाळावयाचीं, असें ठरलें आहे. त्यांचा बेत अद्याप पक्का झालेला नाहीं. परंतु तिघींचा पत्ता लागला असून, एकीनें खो-खोचे सामने कोठें व केव्हां आहेत याची चौकशी आरंभिली आहे, असें आंतून कळतें.