लाड आणि हित

मुक्या प्राण्यावर माया करणे सोपे आहे. त्या मायेला समजुतीची जोड देणे कठीण आहे. माया मनात आपोआप उमलते, समजूत मात्र कष्टाने मिळवावी लागते. समजूत नसलेली माया कधी कधी ज्याच्यावर करावी त्याच्याच नाशाला कारण होते, आणि हे बहुधा उशिरा ध्यानात येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे हे गाव काताच्या धंद्यासाठी ओळखले जाते. गावाभोवती वरकस जमिनीचे उतार आहेत आणि पावसाळा सरताच ते गवताने पिवळे पडू लागतात. या गावातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. गोठ्यात गाय आहे, चुलीपाशी मांजर आहे. आणि मुंबईहून आलेल्या मामाने भाच्यासाठी एक गिनीपिग आणला आहे. त्या चिमुकल्या, बिनशेपटीच्या पाहुण्याचे घरात मोठे कौतुक होते. पहिल्या दिवशी त्याला बिस्किटाचा तुकडा मिळतो, दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचा कीस, तिसऱ्या दिवशी केळ्याची फोड. महिना लोटतो न लोटतो तोच पाहुण्याने जणू व्रत घेतलेले असते : बिस्किट आणि केळे यांवाचून कशालाही तोंड लावायचे नाही! गवत पुढे ठेवले की तो पाठ फिरवतो, आणि डब्याचे झाकण वाजले की शीळ घालतो.

मग घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "मुके जनावर ते, त्याला रुचेल ते घालावे बापडे." वडील म्हणतात, "दोन दिवस उपाशी ठेवा. भूक लागली की मुकाट्याने गवत खाईल." एक पक्ष लाडाचा, दुसरा धाकाचा. दोघांच्याही मनात प्राण्याचे वाईट व्हावे असे नाही. तरीही दोघांचेही चुकते. कसे ते पाहिले पाहिजे.

गिनीपिग हा गिनी देशातला नव्हे आणि डुकराच्या कुळातलाही नव्हे. दक्षिण अमेरिकेतील आंडीज पर्वताच्या प्रदेशात माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले. गवत हेच त्याचे मुख्य अन्न. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचेच नव्हेत, तर दाढासुद्धा. चिवट गवत तासन्‌तास चघळल्याने ते झिजतात आणि प्रमाणात राहतात. मऊ खाण्यावर वाढलेल्या प्राण्याचे दात वेडेवाकडे वाढतात, तोंडात टोचतात, आणि अखेर खाण्याची इच्छा असूनही त्याला खाता येत नाही. शिवाय त्याचे आतडे गवतातील तंतूंवरच नीट चालते. लाडाने दिलेले बिस्किट असे दुहेरी अपाय करते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गाय, मांजर, उंदीर यांची शरीरे क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. गिनीपिगाला ते साधत नाही. माणसालाही साधत नाही. या एका उणिवेत हा लहानसा प्राणी आपला सोबती आहे. १९०७ साली नॉर्वेमधील होल्स्ट आणि फ्रोलिख या दोन शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा खलाशांना ग्रासणारा स्कर्व्ही हा रोग त्यांना जडला. कोबी आणि लिंबाचा रस दिल्यावर तो टळला. पुढे १९३२ साली हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ग्यॉर्गी यांनी गिनीपिगांवरील प्रयोगांतूनच क जीवनसत्त्वाची ओळख पटविली, आणि त्या गावच्या मिरचीतून ते विपुल मिळविले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मुंबईतही प्लेगाच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, संशोधकांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले. घरातील पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत, आणि रोग पिसवांमार्फत पसरतो हे सिद्ध होण्यास त्यांची मदत झाली. माणसाच्या आरोग्यासाठी ज्याने इतके सोसले, त्याच्या आरोग्याची काळजी माणसाने वाहणे हे उपकार नव्हेत. ती ऋणाची अल्पशी फेड होय.

तर मग लाडाचा पक्ष सोडून धाकाचा पक्ष धरावा काय? मुळीच नाही. गाईला एक वेळ उपास घडला तरी ती सावरते. गिनीपिगाचे तसे नाही. त्याच्या पोटात अन्न सतत सरकत राहावे लागते. एखादा दिवस जरी तो उपाशी राहिला, तरी आतड्यांचे काम मंदावते आणि जिवावर बेतते. उपासमारीने त्याचा हट्ट मोडण्यापूर्वी तोच मोडून पडतो. शिवाय ज्याला आपण हट्ट म्हणतो तो वस्तुतः हट्ट नसतोच. पिल्लू असताना जे जे खाल्ले, तेच खाण्याजोगे असे हा प्राणी मानतो. नवा पदार्थ त्याला अन्न म्हणून ओळखताच येत नाही. बिस्किटाची सवय त्याने स्वतः लावून घेतलेली नाही, ती आपण लावली. आपल्या चुकीची शिक्षा त्याला देणे हा कोणता न्याय?

खरा मार्ग या दोहोंच्या मधला आहे, आणि तो धीराचा आहे. नावडते एकदम लादू नये व आवडते एकदम तोडू नये. बिस्किट मात्र दिवसागणिक कमी करीत दोन आठवड्यांत बंद करावे. स्वच्छ वाळलेले गवत अहोरात्र त्याच्यापुढे असावे. त्यात कुसळे राहू देऊ नयेत. सावर्ड्यात गवताला तोटा नाही. भाताचा पेंढा अंथरायला बरा, पण खायला गवतच हवे. आवडत्या भाजीचे बारीक तुकडे करून ते गवतात लपवावेत, म्हणजे शोधता शोधता गवताची चव लागते. सकाळी भूक लागलेली असताना दूर्वा, कोथिंबीर किंवा ढोबळी मिरचीचा तुकडा पुढे ठेवावा. आज शिवला नाही तर उद्या ठेवावा, परवा ठेवावा. दुसरा गिनीपिग सोबतीला असेल तर फारच उत्तम. एकाला खाताना पाहून दुसरा धजतो.

पेरूच्या १०० ग्रॅम गरात २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, आणि या प्राण्याला दिवसाला सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम पुरते. म्हणून बोटाच्या पेराएवढी फोड त्याला बस्स झाली. फळात साखर असते, तेव्हा तीही रोज नको. त्याच्या मूळ प्रदेशातील एका देशाचे नाव आणि या फळाचे मराठी नाव एकच आहे, ही गंमतच! कांदा, बटाटा, शेव, पाव यांना मात्र त्याच्या ताटात जागा नाही. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दमटपणात गवताला बुरशी धरते. म्हणून गवत माळ्यावर कोरडे ठेवावे आणि बुरसलेले खुशाल टाकून द्यावे.

एक भेद मात्र विसरता कामा नये. पहिल्यापासून नवे अन्न न खाणारा प्राणी निराळा, आणि काल नीट खाणारा पण आज तोंड फिरविणारा निराळा. दुसरा लहरी नाही, आजारी आहे. त्याला समजावीत बसण्यापेक्षा त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. यासाठी आठवड्यातून एकदा त्याचे वजन करून वहीत टिपून ठेवण्याची सवय चांगली. मुक्या जीवाची तक्रार बहुधा प्रथम तराजूच सांगतो.

हे सारे करताना त्या घरातील मुलाला आणखी एक गोष्ट उमगेल. आपल्या ताटातील पालेभाजी बाजूला सारून तो गिनीपिगाला कोथिंबीर भरवू लागला, तर आजी हसल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्याला पथ्य शिकविणाऱ्याला ते आधी स्वतः पाळावे लागते. कदाचित पुढच्या पानावर ती भाजी उरणार नाही.

घरात प्राणी आणणे ही क्षणाची हौस असते. त्याचे पोट सांभाळणे ही रोजची जबाबदारी असते. बंद खोक्यात राहणाऱ्या जीवाला स्वतःचे अन्न निवडता येत नाही. आपण जे देऊ तेच त्याचे जग. म्हणून देणाऱ्या हाताने स्वतःस रोज विचारावे : हे मी त्याच्यासाठी देत आहे, की त्याची शीळ ऐकण्याच्या माझ्या सुखासाठी? या प्रश्नाचे उत्तर जो प्रामाणिकपणे देईल, त्याच्या हातून लाडही होतील आणि हितही साधेल.