त्रेपन्नच का?

तुमच्या ओळखीत ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला कुणी असेल, तर आज एक प्रश्न विचारून बघा. एटीएम सेल किती बाइटचा असतो? (पैसे काढायचं एटीएम नव्हे, असिंक्रोनस ट्रान्सफर मोड.) उत्तर झटक्यात येईल. त्रेपन्न! पाच हेडरचे, अठ्ठेचाळीस डेटाचे. मग दुसरा प्रश्न टाका. त्रेपन्नच का? पन्नास का नाही, साठ का नाही? इथे बहुतेक वेळा शांतता पसरते. फार तर 'तसं स्टँडर्ड आहे' एवढं ऐकू येईल.

दोष त्या मुलाचा नाही. त्याच्या पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं.

खरं तर हा किस्सा भन्नाट आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी शेवटी जगभरातल्या टेलिफोनवाल्यांनी ठरवलं, की फोन, टीव्ही आणि कॉम्प्युटरचा डेटा एकाच जाळ्यातून न्यायचा, सारख्या आकाराची छोटी पाकिटं करून. अमेरिकेला पाकिटात ६४ बाइट डेटा हवा होता. पाकीट मोठं असलं की पत्ता लिहिण्यात वाया जाणारी जागा कमी. युरोपला हवे होते ३२. का? फोनवरच्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना एक बाइटचा. म्हणजे ६४ बाइटचं पाकीट भरायला ८ मिलिसेकंद लागतात, ३२चं भरायला ४. तेवढा वेळ आवाज पाकीट भरण्याची वाट बघत थांबतो. असा उशीर वाढत गेला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी त्रास द्यायला लागतो. अमेरिकेत अंतरं लांबलचक, त्यामुळे प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा त्यांच्याकडे आधीच होती. युरोपातल्या छोट्या देशांना तो खर्च नको होता. शेवटी भाजी मंडईत होतं तसं झालं आणि मधला आकडा निघाला, ४८. त्यावर पत्त्याचे पाच. झाले त्रेपन्न.

एका परिच्छेदात सांगून होतं बघा. आणि एवढं कळलं की उशीर, बँडविड्थ, पाकिटाचा आकार यांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते पाठ न करता लक्षात राहतं.

मी मास कॉमची. इंजिनीअरिंगशी माझा संबंध फ्लॅटमेटच्या टेबलापुरता. पण या पानासाठी तिच्याकडची ब्रॉडबँड कम्युनिकेशनची तीन लोकल पुस्तकं मी नीट वाचली. 'लोकल' हा शब्द विद्यार्थ्यांचाच, त्यात कमीपणा आहे आणि आपुलकीही. अप्पा बळवंत चौकात विषयाचं नाव आणि 'पॅटर्न'चं वर्ष सांगितलं की दुकानदार न बघता काढून देतो ती ही पुस्तकं.

एका पुस्तकावर ठळक अक्षरांत 'नवीन सुधारित आवृत्ती' असं छापलंय. आत ब्रॉडबँडची व्याख्या आहे, किमान २५६ केबीपीएस. ही आपल्या देशाची २००४च्या धोरणातली व्याख्या. २०१३ मध्ये ती ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. सुधारलं काय मग? मुखपृष्ठ. आयएसडीएनला अख्खा धडा आणि जीपॉनला अर्धं पान. आज आपल्या सोसायट्यांत जे फायबर येतं, ते बऱ्याच ठिकाणी जीपॉनवर चालतं. खाली येताना २.५ गिगाबिटच्या आसपास, वर जाताना त्याच्या निम्मं. हे स्टँडर्ड येऊनही वीस वर्षं झाली, म्हणजे 'अजून नवीन आहे' ही सबब चालणार नाही.

छपाईचं तर विचारूच नका. दहाचा उणे नववा घात हा सरळ 'दहा वजा नऊ' होऊन ओळीत बसलाय. आधी मला हसू आलं. मग वाटलं, कॉलेजच्या लायब्ररीत या एका पुस्तकाशिवाय काहीच नसेल आणि सरांची जागा दोन वर्षं रिकामी असेल, तर त्या मुलीने कोणाला विचारायचं?

डीबी आणि डीबीएमचा गोंधळ यापेक्षा गंभीर आहे. डीबीएम म्हणजे प्रत्यक्ष पॉवर, शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. डीबी म्हणजे फक्त पट, किती घटलं किंवा वाढलं ते. समजा, ऑफिसमधून प्रकाश निघाला ३ डीबीएमने. वाटेत स्प्लिटरने त्याचे बत्तीस भाग केले. दर वेळी निम्मं झालं की ३ डीबी जातात, बत्तीस भाग म्हणजे पाच वेळा निम्मं, म्हणून १५. स्प्लिटर स्वतः थोडं खातो, धरा १७. केबल आणि जोड मिळून ३. तुमच्या घरी पोहोचले उणे १७ डीबीएम, म्हणजे मिलिवॅटचा पन्नासावा भाग. जीपॉनच्या नेहमीच्या प्रकारात घरचं यंत्र साधारण उणे २७पर्यंत वाचू शकतं, म्हणजे हाताशी दहा शिल्लक. कपाटामागे केबल जोरात दुमडली की ही शिल्लक संपते आणि राऊटरवर लाल दिवा लागतो. दुरुस्तीला येणारा दादा खिशातून छोटं मीटर काढून हाच आकडा बघतो.

त्या पुस्तकात अशाच एका गणिताचं उत्तर 'डीबी'मध्ये छापलंय. एक 'एम' गाळला, काय बिघडलं? अहो, 'घरात १७ रुपये आहेत' आणि 'घरातले पैसे १७ पटींनी घटले' इतका फरक आहे त्यात. हेच वाक्य कॅम्पस इंटरव्ह्यूत बोललात तर समोरचा पुढचा प्रश्न विचारणार नाही.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण लोकल पुस्तकांना नुसती नावं ठेवणं सोपं आहे. मुलं ती घेतात कारण ती परवडतात, इंग्रजी सोपं असतं आणि युनिट एक ते सहा अभ्यासक्रमाच्या क्रमाने असतात. परदेशी लेखकांची पुस्तकं जाडजूड, एका विषयासाठी चार चाळावी लागतात आणि इन-सेम आलेली असते तीन आठवड्यांवर. शिवाय पेपर तपासणाऱ्याच्या डोळ्यासमोरही बहुधा तेच लोकल पुस्तक असतं. त्यातली आकृती काढली की मार्क. व्यवस्थाच अशी असेल तर मुलांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

सोपं लिहायचं म्हणजे उथळच लिहायचं, हेही खरं नाही. बी. पी. लाठी हे नाव ई अँड टीसीवाल्यांना सांगायला नको. महाराष्ट्रात जन्मलेला हा माणूस अमेरिकेत शिकवायला गेला आणि त्यांची सिग्नल्सवरची, कम्युनिकेशनवरची पुस्तकं पुढे दशकानुदशकं वापरात राहिली. ते आधी कल्पना डोळ्यासमोर उभी करतात, समीकरण मागून येतं. मध्येच शास्त्रज्ञांच्या गोष्टीही सांगतात. म्हणजे जमतं की!

'सगळं फुकट ऑनलाइन आहे, पुस्तक हवंच कशाला?' असंही कुणी म्हणेल. आहे ना. एनपीटीईएलची लेक्चर्स आहेत, आयटीयूची बहुतेक स्टँडर्ड्स आणि थ्री-जीपीपीची कागदपत्रं कुणीही उतरवून घेऊ शकतं. पण स्टँडर्ड हे 'काय करायचं' ते सांगतं, 'का' ते क्वचितच. तो 'का' सांगणं हे पुस्तकाचंच काम.

त्यात २०२१पासून एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांत इंजिनीअरिंग शिकवायचं ठरवलंय, पुस्तकंही येतायत. मला याचा आनंद आहे, मनापासून. फक्त जुन्याच नोट्स जडजंबाल मराठीत उतरवल्या, तर चुकाही भाषांतरित होऊन येतील. बँडविड्थला बँडविड्थच म्हणा हवं तर, पण उदाहरण आमच्या जिन्यातल्या फायबरचं द्या.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक धडा शेवटचा कधी बदलला ते वर्ष छापा. शुद्धिपत्रक ठेवा. आणि तुम्ही वाचक मंडळी, चूक सापडली तर नुसती ग्रुपवर टाकून हसू नका, पान क्रमांकासह प्रकाशकाला कळवा, एक प्रत विषयाच्या सरांना द्या. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला तर एकच विनंती. 'आकृती काढून स्पष्ट करा' यातून एकदा बाहेर या. '१:३२ स्प्लिटरमध्ये प्रत्यक्ष नुकसान गणितापेक्षा जास्त का येतं?' असा सहा मार्कांचा प्रश्न एका पेपरात टाकून बघा. पुढच्या सत्राआधी सगळ्या लोकल पुस्तकांत त्याचं उत्तर छापून येईल.