पडदा आहे, प्रेक्षकही आहेत. मग थिएटर बंद का पडतायत?

ईदची नमाज, घरी शीरखुर्मा, मोठ्यांकडून ईदी आणि मग दोस्तांसोबत थिएटर. मुंबई, भिवंडी, मालेगावच्या मुस्लिम मोहल्ल्यांमधल्या कित्येक तरुणांची ईद वर्षानुवर्षं अशीच गेली. सलमान खानने 2009 च्या ‘वॉन्टेड’पासून ईदचा मुहूर्त जणू स्वतःच्या नावावरच करून घेतला. ‘दबंग’, ‘बॉडीगार्ड’, ‘बजरंगी भाईजान’, ‘सुलतान’ हे सगळे ईदचेच सिनेमे.

ही साखळी 2020 च्या लॉकडाऊनने तोडली. पुढच्या वर्षी, 13 मे 2021 ला ‘राधे’ आला तेव्हा महाराष्ट्रातली थिएटर बंदच होती. लोकांनी पैसे भरून तो घरी मोबाईल आणि टीव्हीवर बघितला. राज्यातली थिएटर 22 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडली, पण तोवर घरबसल्या सिनेमा बघायची सवय लागून गेली होती. तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातोय, ओटीटीच्या जमान्यात थिएटर टिकणार का? खरं तर प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा. कुणाचं थिएटर टिकणार आणि कुणाचं जाणार?

हिशोब साधा आहे

पाच माणसांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला निघालं असं धरू. तिकिटाची मूळ किंमत 250 रुपये असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एक तिकीट 295 रुपयांना. पाच जणांचे झाले 1,475 रुपये. पॉपकॉर्न, पाणी, रिक्षा वेगळी. दुसरीकडे नेटफ्लिक्सचा मोबाईल प्लॅन महिना 149 रुपयांचा. एका संध्याकाळच्या तिकिटांच्या पैशात जवळपास दहा महिने निघतात. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून हा हिशोब घराघरात मांडला जातोय.

सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आणला, ही चांगली गोष्ट झाली. पण 100 च्या वर 18 टक्के कायम आहे, आणि शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये शंभरात बसतंय कोण?

लोक सिनेमाला कंटाळलेत का?

तसं म्हणता येत नाही. 23 सप्टेंबर 2022 ला राष्ट्रीय सिनेमा दिनाच्या निमित्ताने देशभर 75 रुपयांत तिकीट ठेवलं गेलं. त्या एका दिवसात 65 लाखांहून जास्त लोक आले, असं मल्टिप्लेक्स संघटनेने सांगितलं. जानेवारी 2023 मध्ये ‘पठान’ आला. बहिष्काराच्या हाका दिल्या जात होत्या, तरी तो तुफान चालला. त्या निमित्ताने देशातली 25 बंद सिंगल स्क्रीन पुन्हा उघडल्याचं निर्मात्यांनी सांगितलं. त्याच वर्षी ‘गदर 2’ने छोट्या शहरांतली थिएटर भरली. दोन्ही सिनेमांचा मिजाज वेगळा, पण तिकिटासाठी रांग लावणारा माणूस बहुतेक एकाच वर्गातला.

म्हणजे मोठा सिनेमा आला आणि खिशाला परवडला की लोक आजही येतात. अडचण वर्षाच्या उरलेल्या महिन्यांची आहे. मधल्या आकाराचा, घरगुती गोष्टीचा सिनेमा आता ‘ओटीटीवर येईल तेव्हा बघू’ या रांगेत जातो. हिंदी सिनेमा साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो, हे आता प्रत्येकाला पाठ आहे. मोठ्या कंपन्यांनाही हे जड गेलं. पीव्हीआर आणि आयनॉक्स एकत्र आल्यानंतर 2023 मध्ये त्यांनी तोट्यातले सुमारे 50 पडदे बंद करण्याचं ठरवलं. कंपनी पडदे कमी करून सावरते. एकच पडदा असलेल्या मालकाने काय करायचं? त्याला शटरच ओढावं लागतं.

मालेगाव काय सांगतं

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी थांबतात. जुम्म्याची नमाज झाली की आठवडाभर मागाच्या खडखडाटात राबलेला कारागीर मोकळा होतो, आणि नवा सिनेमाही शुक्रवारीच लागतो. या शहराला सिनेमाचं वेड लागलं त्यामागे हे साधं गणित आहे. इथेच व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी सिनेमे बघता बघता जोडकाम शिकून घेतलं आणि 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ बनवला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने ही गोष्ट जगभर नेली. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी 2025 मध्ये थिएटरला आला आणि एप्रिलमध्ये प्राइम व्हिडिओवर गेला.

मालेगावच्याच छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ आज यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितले जातात. म्हणजे मोबाईलने कलाकाराला दार उघडून दिलं, हे मान्य करावंच लागेल. मुंबईत ओळख नसलेल्या पोराला आता वितरकाच्या पाया पडावं लागत नाही. पण नासिरभाईंची पिढी घडली ती शेकडो माणसांसोबत एका पडद्यासमोर बसून. लोक कुठे हसतात, कुठे शिट्टी मारतात, कुठे उठून बाहेर जातात, हे तिथेच कळतं.

थिएटर जपायलाही हवं. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘टायगर 3’ चालू असताना मालेगावच्या थिएटरमध्ये फटाके फुटले, लोक जीव मुठीत धरून पळाले. असे प्रकार झाले तर कुटुंबं येणं बंद होतं, आणि कुटुंबं गेली की थिएटरही जातं.

घरातला प्रश्न

आपल्याकडे अनेक घरांत सिनेमाला जाणं पसंत केलं जात नाही, आणि त्या मताचा आदर ठेवायला हवा. पण थिएटर टाळलं म्हणून सिनेमा टळला, असं आता राहिलेलं नाही. तो प्रत्येकाच्या हातात आहे. थिएटरला ‘ए’ सर्टिफिकेट असलं की दारावरचा माणूस मुलांना अडवायचा. ओटीटीवर 2021 च्या नियमांनुसार 7+, 13+, 16+ आणि ‘ए’ असे वर्ग आहेत, पॅरेंटल लॉकची सोयही आहे, पण ते लॉक लावणार कोण? आई-वडिलांनीच. अम्मी एका खोलीत मालिका बघते, मुलगा कानात हेडफोन घालून दुसरंच काही. एका छताखाली चार सिनेमे चालतात आणि त्यावर बोलणं एकाचंही होत नाही.

काय वाचवायचं?

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात 1960 ला ‘मुघल-ए-आझम’चा आणि 1972 ला ‘पाकीजा’चा प्रीमियर झाला. 1995 पासून तिथे ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ लागतोय, लॉकडाऊनचा खंड सोडला तर. नागपाड्याचा कामगार, गावाकडून एसटीने उतरलेला प्रवासी, कॉलेजची पोरं एकाच हॉलमध्ये बसतात. शेजारी बसलेल्याचं नाव, जात, धर्म कुणी विचारत नाही. आज घरं, शाळा, वस्त्या वेगळ्या होत चालल्यात. अशा वेळी ज्या थोड्या जागांवर सगळे एकत्र हसतात-रडतात, त्यातली ही एक आहे.

म्हणून सिंगल स्क्रीनची मागणी फक्त मालकांची म्हणून सोडून देऊ नये. 150-200 खुर्च्यांची छोटी थिएटर, आठवड्यातले काही शो शंभराच्या आत, महिलांसाठी दुपारचा खास शो, परवाने आणि वीजदरात दिलासा, एवढं झालं तरी बरीच थिएटर तग धरतील. मराठी सिनेमालाही याचाच आधार मिळेल. ‘सैराट’ला 2016 मध्ये गावोगावच्या थिएटरांनी उचलून धरलं होतं.

ओटीटी राहणारच आहे, आणि राहावं. पण मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्याला शुक्रवारी तीन तास मोठ्या पडद्यासमोर बसता यावं, तेही खिशातल्या शंभराच्या नोटेत. ही मागणी काही फार मोठी नाही.