अदृश्य किरण आणि आमचीं मुलें

पावसाळा सरून थंडी पडूं लागली, म्हणजे म्हसळ्याच्या पूर्वेस रात्रीं मृग नक्षत्र वर येतें. त्यांतील तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ एक अंधुक डाग नुसत्या डोळ्यांनींही दिसतो. तो वायु आणि धूळ यांचा अफाट मेघ असून, सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर अशा त्या ठिकाणीं आजही नवे तारे जन्मास येत आहेत.

नवजात ताऱ्याभोंवतीं वायु व धूळ यांची चकती फिरत असते. तींतूनच पुढें ग्रह बनतात. परंतु धुळीच्या पडद्याआड हें कार्य साध्या प्रकाशांत बरेंचसें झांकलेलें राहतें. येथें अवरक्त किरण साह्यास येतात. चुलीवरून उतरलेला तवा अंधारांत दिसत नाहीं, तरी हात जवळ नेतांच त्याची धग कळते. चकतींतील धूळही तशाच अदृश्य किरणांनीं आपलें अस्तित्व कळविते. हे किरण विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं लोलक व उष्णतामापक यांच्या साह्यानें शोधून काढिले. १९८३ सालीं आयरास ह्या उपग्रहानें अभिजित ताऱ्याभोंवतींची धूळ त्यांवरूनच ओळखिली.

ही विद्या केवळ परक्यांची नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें घडविलेलें टिरस्पेक हें उपकरण २०१३ सालीं लडाखांतील हानले येथील दुर्बिणीस जोडण्यांत आलें. हवेंतील बाष्प हे किरण शोषून घेतें; म्हणून सुमारें ४,५०० मीटर उंचीची ती कोरडी जागा ह्या कामास योग्य. चकतींतील द्रव्य गिळून मध्येंच भडकणाऱ्या 'व्ही ८९९ मॉन' ह्या बालताऱ्याचा अभ्यास तेथून झाला आहे.

"ह्यानें पोट भरतें काय?" असें पालक विचारतील. ज्या गांवचे कर्ते पुरुष पोटासाठीं मुंबईस वा आखातांत जातात, तेथें हा प्रश्न रास्तच आहे. परंतु असें उपकरण घडवावयाचें म्हणजे धातुकाम, शीतकरण, विद्युत् आणि गणित यांचें सूक्ष्म ज्ञान लागतें. तें मिळविलेला मनुष्य कोठेंही उपाशी राहणार नाहीं. सर्वांनींच ज्योतिर्विद व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र ज्या मुलास प्रश्न पडतात, त्यास "आपल्याला काय करावयाचें आहे?" असें म्हणून गप्प करणें हें त्याचें नुकसान आहे, आणि गांवाचेंही.

शाळेंत हर्शेलचा प्रयोग प्रत्येक मुलानें स्वतःच्या हातांनीं करावा, आणि पालकांनीं थंडीतील एक रात्र त्यास अंगणांत उभें राहून मृग पाहूं द्यावा, एवढेंच आमचें मागणें आहे. म्हसळ्याहून मुंबईस जाणारा रस्ता आमच्या मुलांस ठाऊक आहे. त्याच रस्त्यानें त्यांतील एखादें कुलाब्याच्या त्या संस्थेंतही पोहोंचावें.