सातबारा नसलेल्याचा जीव

फवारणी करताना विषबाधा होऊन माणूस दगावला, तर त्याच्या घरच्यांना सरकारकडून दोन लाख रुपये मिळू शकतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा अपघात म्हणून धरलेली आहे. पण गेलेला माणूस सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार हवा, नाहीतर खातेदाराच्या कुटुंबातला एक सदस्य तरी हवा. दुसऱ्याच्या वावरात पाठीवर पंप घेऊन फवारा मारणारा भूमिहीन मजूर यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आमच्या बार्शीटाकळी तालुक्यात, आणि सगळ्या वऱ्हाडातच, हे काम मोठ्या प्रमाणावर करतो तो नेमका हाच माणूस.

पोळ्याच्या आगेमागे महान, पिंजर, धाबा या बाजूला सकाळी फिरून पाहा. सोयाबीन कमरेला आलेले असते, पराटी फुलावर असते, अळीने सगळ्यांची झोप उडवलेली असते. बांधावर पाण्याचा ड्रम, बाजूला औषधाचे दोन-तीन डबे. कृषी केंद्रवाल्याने सांगितले म्हणून कीटकनाशकाबरोबर बुरशीनाशक, वर एखादे टॉनिक, सगळे एकाच बादलीत. ढवळायला तुरीची काडी, आणि काडी सापडली नाही तर हात. पंधरा-सोळा लिटरचा पंप भरून पाठीवर चढवला की झाकणाच्या फटीतून थेंब थेंब पाठीवर ओघळत राहतो. शर्ट भिजतो आणि दिवसभर अंगावरच वाळतो. दुपारची भाकर त्याच हाताने खाल्ली जाते, कारण ड्रममधले पाणी औषधासाठी मोजून आणलेले असते. ते डोक्यावरून वाहून आणणारी बहुतेक वेळा बाई असते. फवारणाऱ्यांची मोजदाद कधी झालीच, तर तिचे नाव त्यातही येणार नाही.

मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपावर ठरते. जितके पंप, तितके पैसे. सगळ्या दुखण्याचे मूळ मला इथे दिसते. पंपावर मजुरी असली की माणूस वारा फिरल्यावर थांबत नाही, उन्हाच्या तडाख्यात सावलीला बसत नाही, डोके जड झाले तरी ‘एवढी टाकी संपवू’ म्हणतो. मग कृषी खात्याचे पत्रक येते: मजुरांनी मास्क, हातमोजे, चष्मा वापरावा, वाऱ्याच्या दिशेने फवारावे. पत्रकात चूक काही नाही. पण भादव्याच्या उकाड्यात कमरेएवढ्या पिकात मास्क लावून चालून पाहिलेले नसले, तर ‘मास्क लावला त जीव गुदमरते’ हे उत्तर बहाणा वाटते. तो बहाणा नाही. सुरक्षेचा सगळा भार ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर टाकायचा, आणि औषध कोणते, किती विषारी, मजुरी कशी, हे ठरवणाऱ्यांना मोकळे ठेवायचे, ही यातली खरी अडचण आहे.

2017 चा हंगाम वऱ्हाड विसरू शकत नाही. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. अकोल्याकडूनही तशाच बातम्या येत होत्या. पराटी डोक्याच्या वर वाढलेली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत जाहीर केली. रक्तातले कोलिनेस्टरेज मोजले की ऑर्गनोफॉस्फेट विषाने शरीरावर किती परिणाम केला ते कळते. ही तपासणी जिथे रोज रुग्ण येत होते तिथेच होत नव्हती, हेही त्याच वेळी उघड झाले. मदत मिळाली ती ओरड झाली म्हणून. एका गावात एकटा माणूस गेला तर ओरड होत नाही. मग सातबारा काढा, वारसनोंद आणा, इथून सुरुवात होते आणि भूमिहीनाची बायको पहिल्याच पायरीवरून परत फिरते.

कायदा मात्र इतका आंधळा नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवे, कारण ते फार थोड्यांना ठाऊक असते. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याला जी अनुसूची जोडलेली होती, तिच्यात शेतीकामात कीटकनाशकाची फवारणी किंवा धुरळणी करणाऱ्याचा उल्लेख होता. म्हणजे कामावर असताना त्याला इजा झाली, तर भरपाई देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर येत होती. या विषयाच्या तरतुदी आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत. कीटकनाशक नियम 1971 तर त्याहून पुढे जातात. फवारणीच्या कामावर असणाऱ्याची कामाआधी आणि पुढे वर्षातून दोनदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असे त्यांत लिहिलेले आहे. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या फवारणी मजुराला अशा तपासणीबद्दल विचारून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील.

आता हा भरपाईचा हक्क मजुराने तीन एकरवाल्या शेतकऱ्याविरुद्ध बजावायचा का? इथे मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटते. तो शेतकरी स्वतः सोयाबीनच्या भावाने मेटाकुटीला आलेला असतो. कित्येकदा मजुराशेजारी दुसरा पंप त्याच्याच पाठीवर असतो. विमा नाही, शिल्लक नाही, भरपाई आणायची कुठून? शिवाय गाव एकच. उद्या त्याच वावरात निंदायला जायचे असते, अडीअडचणीला त्याच्याकडूनच उसने मागायचे असते. गावातल्या गावात दावा कोण टाकणार? म्हणूनच ही जोखीम एकट्या शेतकऱ्यावर ढकलता येत नाही. ती सरकारने आणि औषध विकून नफा मिळवणाऱ्यांनी उचलायची आहे.

यवतमाळच्या काही बायकांनी हा प्रश्न थेट कंपनीच्या दारात नेला. 2020 मध्ये दोन मृतांच्या पत्नी आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सिंजेंटा कंपनीकडे भरपाई मागितली. ‘पोलो’ या तिच्या कीटकनाशकामुळे हे घडले, असे त्यांचे म्हणणे. त्याच सुमारास 51 कुटुंबांची तक्रारही तिकडे दाखल झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली. पोलोमधले मूळ रसायन डायफेंथियुरॉन खुद्द स्वित्झर्लंडच्या शेतात वापरायला परवानगी नाही, हे मात्र खरे. यवतमाळच्या बाईला बाझेलपर्यंत जावे लागले, यातच तहसील आणि जिल्ह्याच्या पातळीवर तिला काय मिळाले असेल ते दिसते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत भारत 1919 पासून आहे. पहिल्या वॉशिंग्टन परिषदेला भारतीय कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी गेले होते. 1921 मध्ये या संघटनेने शेतमजुरांसाठी लागोपाठ दोन करार केले. अकरावा करार शेतमजुरांना संघटना करण्याचा हक्क देतो, तो भारताने 1923 मध्येच मान्य केला. बारावा करार शेतीकामातल्या अपघाताची भरपाई शेतमजुरालाही मिळावी, असे सांगतो. त्यावर शंभर वर्षांनंतरही भारताची मान्यता नाही. शेतीतल्या सुरक्षेविषयीचा 2001 चा 184 क्रमांकाचा करारही आपण मान्य केलेला नाही. 2022 मध्ये संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या जागेत कारखाना येतो तसे पिंजरचे वावरही येते.

दिल्ली आणि श्रम संघटनेचे जिनिव्हा आपल्या हातात नाहीत, पण बार्शीटाकळीत आणि मुंबईत होण्यासारखे बरेच आहे. अपघात योजनेतली खातेदारकीची अट काढून ‘शेतीकाम करताना’ एवढी एकच अट ठेवली, तर मजुराचे घरही त्यात येते. त्यासाठी लोकसभेत जावे लागत नाही, शासन निर्णय पुरतो. मृगाआधीच्या ग्रामसभेत फवारणी करणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे नोंदवून घ्यावीत, म्हणजे उद्या काही झाले तर हा माणूस या कामावर होता याचा कागद राहील. त्याच यादीवरून प्राथमिक आरोग्य केंद्राने हंगामाआधी तपासणी करावी आणि ॲट्रोपिन या उताऱ्याचा साठा पाहून ठेवावा. विषबाधा झालीच तर रोग्याचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा रिकामा डबा त्याच्यासोबत दवाखान्यात न्यावा. काय पोटात किंवा श्वासात गेले हे कळल्याशिवाय डॉक्टर नेमका उपचार करू शकत नाही.

आणि फवारणीची मजुरी पंपावरून रोजावर आणा. वाऱ्याच्या दिवशी काम बंद ठेवले तरी रोज बुडणार नाही, एवढे बोलून घ्या. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते तेव्हा ज्वारी किती, रोख किती, कपडे कोणते, सगळे बोलून घेतले जाते. फवारणी त्याने करायची की नाही, करायची तर किती तास, दवाखान्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच बैठकीत बोलून दोघांच्या सहीने कागदावर यायला हवे.