हप्ते फिटण्यापूर्वी नवा मोबाइल?



हप्ते निम्म्यावर असतानाच नवा मोबाइल घ्यावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत बीड जिल्ह्यात ग्राह्य ठरत नाही. कारण येथे हप्त्यांचा करार बहुधा दूरसंचार कंपनीशी नसून कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेशी असतो, आणि जुना मोबाइल दुकानात दिल्याने ते कर्ज फिटत नाही. शिवाय हप्त्यांवरील ‘शून्य टक्के व्याज’ ही कल्पनाच अस्तित्वात नसून व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्कात दडवले जाते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बजावले होते. त्यात उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारी आगाऊ मजुरी, घेऊन कारखान्याकडे निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबावर एक कर्ज आधीच असते. बॅटरी बदलून भागत नसेल, तरच उरलेले हप्ते आणि मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क यांचा लेखी हिशेब घेऊन ग्राहकाने नव्या करारावर सही करावी.

– एक वाचक, बीड